मुक्काम जालना: नाटक गावात कसं आलं आणि कसं राहिलं

जालन्यातल्या महानगरपालिकेच्या नाट्यगृहाला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव आहे. शाळेत असताना आमच्यासाठी ते फक्त ‘फुलंब्रीकर’ होतं. गॅदरिंग फुलंब्रीकरला, सत्कार फुलंब्रीकरला, कुठल्याशा क्लासच्या गुणवंतांचा कार्यक्रमही फुलंब्रीकरला. हे एका माणसाचं आडनाव आहे, हा माणूस गायचा, आणि पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर त्याच्या चालींनी एक काळ गाजवला होता, हे मला फार उशिरा कळलं. पुण्यात नोकरीला लागल्यावर यूट्यूबवर काहीतरी शोधताना जुनी नाट्यपदं समोर आली, खाली संगीतकाराचं नाव होतं, आणि मग हा नाद लागला. गेली तीनेक वर्षं शनिवार-रविवार मी या एकाच प्रश्नामागे घालवलेत: नाटक नावाची गोष्ट आमच्यासारख्या गावात पोचली कशी?

पोचायला मुळात कारणच नव्हतं. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मराठी नाटकाचा सगळा खेळ सांगली, पुणे, मुंबई, कोल्हापूर या पट्ट्यातला. दोन्हींच्या मधे फक्त अंतर नव्हतं, सरहद्द होती, भाषा होती, पोलिसांची परवानगी होती.

पण आधी कृष्णरावांचं संपवतो. फुलंब्री हे छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेचं गाव, आडनाव तिथलं. त्यांचा जन्म मात्र आळंदीचा. लहानपणीच नाटक कंपनीत गायक नट म्हणून गेले, मग भास्करबुवा बखल्यांचे शिष्य झाले. भास्करबुवा म्हणजे गंधर्व नाटक मंडळीचे संगीतातले गुरू. ‘स्वयंवर’च्या चाली त्यांच्या. १९२२ मध्ये बुवा गेले आणि बालगंधर्वांच्या नाटकांना चाली द्यायचं काम हळूहळू कृष्णरावांकडे आलं. १९३१ चं ‘कान्होपात्रा’ त्यांचं. पुढे प्रभातच्या ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांचं संगीत त्यांचं, आणि १९४२ च्या ‘कुलवधू’ नाटकातलं ज्योत्स्ना भोळ्यांचं गाणंही त्यांच्याच चालींवरचं. ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावं म्हणून त्यांनी झिंझोटी रागात त्याला चाल बांधली आणि दिल्लीत ती ऐकवली. १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून बुद्धवंदनाही त्यांनी स्वरबद्ध केली. एका माणसाच्या आयुष्यात ‘कान्होपात्रा’, प्रभात आणि बुद्धवंदना. आमच्या गावानं नाट्यगृहाला नाव देताना माणूस नीट निवडला, असं म्हणायला हवं.

आता मागे जाऊ.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती १८४३ ची. ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. म्हणून तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो, व्हॉट्सअॅपवर शुभेच्छाही येतात. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर कानड्यातल्या करकीची भागवत मंडळी सांगलीला आली होती. त्यांचे यक्षगानाच्या वळणाचे खेळ राजेसाहेबांनी, म्हणजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि भाव्यांना सांगितलं, असं आपल्या भाषेत करा. म्हणजे मराठी नाटकाचं उगमस्थान शोधत गेलं तर धागा कानडी मुलखात निघतो. याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

भाव्यांच्या खेळाची रचना आजच्या नाटकापेक्षा कीर्तनाच्या जवळची. सूत्रधार पदं म्हणायचा, मागे झांजा-मृदंग, गणपती येऊन जायचा, सरस्वती मोरावर बसून यायची, विदूषक चेष्टा करायचा, आणि मग देव-राक्षस. राक्षस आरडाओरड करत यायचे आणि तेवढ्यानंच पोरं रडायची. गद्य भाषण लिहिलेलं नसे. नटानं प्रसंग बघून बोलायचं. सूत्रधाराच्या हातात पोथी, बाकी सगळं प्रसंगावधान.

मला यातला महत्त्वाचा भाग पुढचा वाटतो. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. घरात पगारी नट, सोंगांचं सामान आणि उत्पन्न शून्य, अशी अवस्था. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक ‘फिरतं’ झालं ते असं, कलेच्या प्रसारासाठी नव्हे. पैसे देणारा एक माणूस गेल्यावर पैसे देणारे हजार शोधावे लागले. स्टार्टअपवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

त्यानंतरची ऐंशी वर्षं कंपन्यांची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळींचं संगीत नाटक पाहिलं आणि मनात घेतलं, हे मराठीत का नको? ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. मूळ कालिदासाचं, त्यामुळे वाचलेल्या माणसांचा मान. आणि पदं अशी की न वाचलेला माणूसही गुणगुणत घरी जाईल. सूत्रधारानंच सगळं गायचं ही भाव्यांची पद्धत किर्लोस्करांनी मोडली, ज्याचं पात्र त्यानंच गायचं. १८८२ चं ‘सौभद्र’ तर आजही होतं. मग देवल, मग खाडिलकर, मग बालगंधर्व. १९०८ मध्ये केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श काढली ती हुबळीला, १९१३ मध्ये बालगंधर्वांची स्वतःची मंडळी निघाली. ही सगळी नावं पाठ्यपुस्तकातली, म्हणून मी त्यांच्यावर रेंगाळत नाही. मला रस आहे तो कंपनी एका गावाहून दुसऱ्या गावी जायची त्यात.

कंपनी म्हणजे फिरतं गाव. मालक, भागीदार, पगारी नट, स्त्रीपार्टी, तबलजी, ऑर्गनवाला, पडदे रंगवणारा, कपडेपटवाला, आचारी, पाणक्या, शिवाय कुणाकुणाची मुलंमाणसं. पडद्यांच्या गुंडाळ्या, बत्त्या, ट्रंका. कंपनी ‘येत’ नसे, तिचा ‘मुक्काम पडे’. महिना-महिना एका गावात. बैलगाडीत बँड बसवून हँडबिलं वाटायची. त्या महिन्यात गावातल्या पोरांना पदं पाठ व्हायची, एखादा गळ्याचा पोरगा कंपनीबरोबर पळूनही जायचा. आणि मग एका सकाळी कनाती उतरायच्या, मैदान मोकळं.

एवढं लटांबर हलवायचं तर रेल्वे हवी. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली, आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावं त्या लाईनीवर आली. जालन्यात आधीपासून इंग्रजांची छावणी, कापसाचा बाजार, जिनिंगचे कारखाने. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगाच नाही. पैसा होता, स्टेशन होतं, करमणुकीची भूक असणारी वस्ती होती.

नव्हतं ते मोकळं रान. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमसुद्धा उर्दू. जाहीर कार्यक्रमाला परवानगी लागायची आणि ती सहज मिळत नसे. त्यामुळे मराठवाड्यात जे टिकलं ते देवाच्या आडोशानं टिकलं: कीर्तन, भारूड, लळित, गणपतीतले मेळे. सभेला बंदी होती म्हणून मेळ्यातल्या पदांत राजकारण शिरलं. पुण्याकडची मंडळी ‘मानापमान’मधल्या नव्या चालींवर वाद घालत होती तेव्हा इकडे प्रश्न होता की चार माणसं रात्री एकत्र बसवायची कशी. म्हणून ‘मराठी रंगभूमीचा सुवर्णकाळ’ हे शब्द वाचले की मी थोडा सावध होतो. कुणाचा सुवर्णकाळ, कुठल्या जिल्ह्यातला?

पुण्या-मुंबईतही तो फार दिवस राहिला नाही. ८ जुलै १९२१ ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. बालगंधर्वांच्या कंपनीवर लाखांत कर्ज होतं, कारण रंगमंचावरचा गालिचा खरा हवा, अत्तर खरं हवं, शालू खरा हवा. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि तंबूतल्या नाटकाच्या एका खेळाच्या खर्चात सिनेमाचे कितीतरी खेळ होऊ लागले. रीळ जेवत नाही, आजारी पडत नाही, पगार मागत नाही. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त उभे राहिले, तेही पुरुष भूमिकेत. भूमिका कुणाची? पैठणच्या एकनाथांची. संगीत कृष्णरावांचं. मराठवाड्याचा संत, मराठवाड्याच्या आडनावाचा संगीतकार आणि रंगभूमीचा सर्वांत मोठा नट, तिघंही पडद्यावर एकत्र आले ते रंगभूमी मोडत असताना.

पुढच्या पाच-सात वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्या बंद पडल्या किंवा नावापुरत्या उरल्या. आणि इथून मला खरा इतिहास सुरू झाल्यासारखा वाटतो, कारण आता प्रश्न असा होता: कंपनी नसेल तर नाटक कोण करणार?

१९०५ पासून नाट्यसंमेलनं होत होती. पहिलं मुंबईत, अध्यक्ष दादासाहेब खापर्डे. नाटकवाल्यांनी वर्षातून एकदा जमायचं, भाषणं, ठराव, गाऱ्हाणी. पण १९४३ चं सांगलीचं संमेलन वेगळं. ‘सीता स्वयंवर’ला शंभर वर्षं झाली म्हणून शताब्दी, अध्यक्षपदी सावरकर. युद्ध चालू, कंपन्या बुडालेल्या, आणि शंभरावा वाढदिवस. वाढदिवसाला माणसं जमली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की प्रेक्षक मेलेला नाही.

पुढच्या वर्षी मुंबईत शताब्दीचा नाट्यमहोत्सव झाला. तो उभा केला डॉ. अमृत नारायण भालेरावांनी. हे पेशानं डॉक्टर, मुंबई मराठी साहित्य संघाचे कर्तेधर्ते. स्वतः नाटक कंपनीचे मालक नव्हेत, नट नव्हेत. संघटक. आपल्याकडे संघटकाबद्दल फार कमी लिहिलं जातं; नटाची चरित्रं कपाट भरून, आणि मंडप कुणी घातला, खुर्च्या कुणी आणल्या, तिकिटं कुणी खपवली याची ओळसुद्धा नाही. भालेरावांनी काय केलं, तर मोडलेल्या कंपन्यांतले जुने गायक नट, नव्या विचाराचे हौशी कलावंत आणि गिरगावातला प्रेक्षक यांना एका तंबूखाली आणलं, आणि एकदा करून थांबले नाहीत. साहित्य संघाचे नाट्योत्सव दर वर्षी होऊ लागले, केळेवाडीच्या उघड्या रंगमंचावर. पुढे १९६४ मध्ये तिथंच संघाचं बंदिस्त नाट्यगृह झालं. त्याला भालेरावांचंच नाव आहे.

महोत्सव आणि कंपनी यात फरक काय? कंपनीला रोज गल्ला लागतो, कारण रोज पन्नास-साठ ताटं मांडायची असतात. महोत्सवात नट दिवसा बँकेत किंवा शाळेत असतो आणि संध्याकाळी तालमीला येतो. त्याचं पोट नाटकावर नाही. त्यामुळे एक मोकळीक मिळते, की नाटक चाललं नाही तरी चालेल. पण एक गोष्ट हरवतेही. रोज गाऊन, दोनशे प्रयोग करून जो गळा तयार होतो तो आठवड्यातून तीन तालमींत होत नाही. संगीत नाटकाला या बदलाचा मार सर्वांत जास्त बसला, त्यावर पुढे येतो.

१९५४ मध्ये मुंबई राज्य सरकारनं नाट्यमहोत्सव सुरू केला, स्पर्धेच्या रूपात. आज जिला आपण ‘राज्य नाट्य’ म्हणतो तिची ही सुरुवात. जालना त्यात नव्हतं, असूच शकत नव्हतं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आता एक गंमत बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये झाली ती ५९ वी स्पर्धा. उलटं मोजत गेलं तर पहिली येते १९६१ मध्ये. म्हणजे महाराष्ट्र झाल्यावर आकडा पुन्हा एकपासून सुरू झाला. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही मोठा बदल झाला की व्हर्जनचा नंबर नव्यानं लावतो, तसलाच प्रकार. मला हा नवा नंबर बरोबर वाटतो. १९५४ ची स्पर्धा पश्चिम महाराष्ट्राची होती. १९६१ पासूनची तरी कागदावर आमचीही.

ज्यांनी ‘राज्य नाट्य’ जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं तंत्र सांगतो. सांस्कृतिक कार्य संचालनालय जाहिरात काढतं. संस्थेनं अर्ज करायचा, अनामत भरायची, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असावं लागतं. मग आपल्या जवळच्या केंद्रावर तारीख मिळते. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरात सुरू होते. एका केंद्रावर रोज एक नाटक, संध्याकाळी पडदा वर, समोर तीन परीक्षक. प्रत्येक केंद्रावरची वरच्या क्रमांकाची नाटकं अंतिम फेरीला. बक्षिसं फक्त नाटकाला नाहीत, दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा यांनाही. अभिनयाला रौप्यपदक आणि गुणवत्ता प्रमाणपत्रं. नेपथ्य करणाऱ्या सुताराला आणि दिवे ओढणाऱ्या पोराला सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळतं, ही गोष्ट तालुक्याच्या गावात किती मोठी असते हे पुण्यात बसून कळत नाही. घराघरांत टीव्हीशेजारी फ्रेम करून लावलेली असतात.

हौशी मराठी हा मुख्य विभाग. त्याच्या बाजूनं हिंदी, संस्कृत, संगीत, बालनाट्य, अलीकडे दिव्यांग बालनाट्य असे विभाग वाढत गेले. एकाच शासकीय स्पर्धेत कुठं कालिदास-भासाचं नाटक संस्कृतात होतं आणि कुठं आठ वर्षांची पोरं झाड होऊन उभी असतात. एवढा मोठा पसारा, तोही बहुतांशी नोकरीधंदा करणाऱ्या लोकांच्या जिवावर, देशात दुसरीकडे क्वचितच असेल.

आणि सरकारी म्हणून मिळमिळीत म्हणाल, तर तसंही नाही. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगायननं १९६७ मध्ये स्पर्धेसाठी केलं. नाटकातली मंडळी कोण? खेडेगावात प्रयोगाला आलेली हौशी नाटकवाली. म्हणजे हौशी नटांच्या स्पर्धेत हौशी नटांच्याच सभ्यपणाची साल सोलली. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पीडीएनं ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं, तेही स्पर्धेच्या निमित्तानं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनंच ते थांबवलं, तेव्हा ही पोरं बाहेर पडली आणि मार्च १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी झाली. ‘घाशीराम’मध्ये कीर्तन, लावणी, दशावतार, गणपती-सरस्वतीचा प्रवेश सगळं आहे. भाव्यांनी सांगलीत जे वापरलं तेच सामान, सव्वाशे वर्षांनी, राजाला खूश करण्याऐवजी राज्यकर्त्याला उघडं पाडायला.

हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं. आमच्याकडे काय?

आमच्याकडे १९७३ मध्ये औरंगाबादच्या विद्यापीठात कमलाकर सोनटक्क्यांनी नाट्यशास्त्र विभाग सुरू केला. मराठवाड्याच्या नाटकात याच्याइतकी मोठी घटना मला दुसरी दिसत नाही. आता परभणी-बीड-जालन्याचा पोरगा प्रकाशयोजना शिकायला मुंबईला न जाता साठ-सत्तर किंवा फार तर दोनशे किलोमीटरवर जाऊ शकत होता. त्या शहरातून लक्ष्मण देशपांडे निघाले, एकट्यानं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ करत जगभर फिरले. ‘जिगीषा’ची मंडळी, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, तिथलीच. नांदेडला दत्ता भगत ‘वाटा पळवाटा’ लिहीत होते. १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला, औरंगाबादचे चार तालुके आणि परभणीचं परतूर मिळून. जिल्हा झाला की कलेक्टर कचेरी येते, शासकीय कार्यक्रम येतात, स्पर्धेच्या यादीत नाव येण्याची शक्यता येते. संस्कृतीचा नकाशा शेवटी महसुली नकाशावर बसतो. हे काव्यमय नाही, पण खरं आहे.

मात्र इथं एक अडचण आहे आणि ती स्पर्धेच्या पोटातलीच आहे. स्पर्धेतलं नाटक बहुधा एका प्रयोगाचं असतं. तीन महिने तालीम, कर्ज काढून नेपथ्य, एक संध्याकाळ, निकाल, संपलं. प्रेक्षकांत अर्धे नातेवाईक, उरलेले पुढच्या दिवशी ज्यांचं नाटक आहे ते. कंपनीच्या काळात गावाला तेच नाटक चार वेळा बघायची सोय होती, पदं पाठ होईपर्यंत. आज गावात वर्षाला वीस नाटकं झाली तरी गावाला त्यातलं एकही पाठ होत नाही. मी एका वर्षी ओळखीच्या संस्थेसाठी आवाजाचा भाग सांभाळला होता, लॅपटॉपवरून पार्श्वसंगीत सोडायचं काम. प्रयोग उत्तम झाला. रात्री बारा वाजता सेट ट्रॉलीत भरताना दिग्दर्शक म्हणाले, “आता हे फळीफाटा ठेवायचं कुठं?” पुढचा प्रयोग कुणाच्या डोक्यातच नव्हता. नाट्यगृहाचं भाडं, दिव्यांचं भाडं, जाहिरात हे सगळं स्वतः करायचं तर तिकीट लावावं लागतं, आणि ओळखीच्या माणसाला तिकीट कसं विकणार?

स्पर्धेवर टीका करणारे म्हणतात, यामुळे नाटक परीक्षकांसाठी होऊ लागलं. अर्धं खरं. पण स्पर्धा नसती तर ते एक प्रयोगसुद्धा झाला नसता, आणि त्या एका प्रयोगात कधीकधी असा माणूस घडतो की त्याला पुढे कुणी थांबवू शकत नाही.

उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म इथला. रामनवमीला गाव फुलतं. याच गावचे राजकुमार तांगडे, शेतकरी. लोडशेडिंगच्या मुलखात राहून त्यांनी नाटक लिहिलं ‘आकडा’. तारेवर टाकून वीज घेतात तो आकडा. शहरातल्या लेखकाला हा विषय सुचला नसता, आणि सुचला असता तर तो ‘चोरी’ या शब्दापाशी थांबला असता.

मग २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. लेखन तांगडे यांचं, संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. शिवरायांना न्यायला यम येतो. ते म्हणतात, माझे विचारही बरोबर ने. आणि मग यम हातात जिरेटोप घेऊन तो कुणाच्या डोक्याला बसतो ते शोधत फिरतो. रंगमंचावर जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतली मंडळी, कैलाश वाघमारे त्यांतलेच. बोली आमची, हेल आमचा, आणि समोर मुंबईच्या शिवाजी मंदिरात बसलेला प्रेक्षक. त्याचे शेकडो प्रयोग झाले. मी हे नाटक पुण्यात पाहिलं. शेजारच्या काकूंना काही शब्द कळले नाहीत, त्यांनी मला विचारले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुण्यातल्या कुणाला तरी मराठी शब्दाचा अर्थ सांगितला. माझ्या ऑफिसात माझ्या ‘करू लागलाव’ला हसणारे लोक होते, त्या रात्री सातशे माणसं त्याच भाषेला टाळ्या देत होती.

आणि नीट बघितलं तर हे संगीत नाटकच आहे. शाहिरी आहे, कोरस आहे, देव रंगमंचावर येतो, विदूषकी आहे. फक्त ऑर्गन नाही. ‘शास्त्रीय’ या शब्दाचा अर्थ आपण ऑर्गन, शालू आणि यमन असा ठरवून टाकला, म्हणून आपल्याला तो धागा दिसत नाही. भाव्यांना मात्र हा खेळ ओळखीचा वाटला असता.

तरीही ऑर्गनवाल्या संगीत नाटकाचा प्रश्न उरतोच, आणि तो भावनेचा कमी, हिशोबाचा जास्त आहे. गद्य नाटकाला आठ नट लागतात. ‘सौभद्र’ला गाता येणारे आठ नट, शिवाय ऑर्गन आणि तबला. कृष्ण करणाऱ्याला शास्त्रीय गाण्याची पाच-सात वर्षांची बैठक हवी, आणि त्याला अभिनयही यायला हवा. रत्नागिरीत, सांगलीत, गोव्यात हे जमतं. तिथं घराघरांत पेटी आहे, देवळात भजन आहे, एक गेला तर दुसरा गळा तयार असतो. सरकारनं संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी ठेवली म्हणून तर एवढं टिकलं. गद्य नाटकांबरोबर एकाच रांगेत उभी केली असती तर ही नाटकं खर्चानंच मेली असती. मराठवाड्यातून तिथं जायचं तर आधी साथीदार शोधण्यापासून तयारी.

अंबड आमच्यापासून फार लांब नाही, तिथं दत्तजयंतीला शास्त्रीय संगीताचा जुना उत्सव होतो, मोठमोठे गवई येऊन गेलेत. म्हणजे ऐकणारे कान या जिल्ह्यात आहेत. गळेही असतील. कान्होपात्रेची पदं फुलंब्रीकरांच्याच नावाच्या रंगमंचावर, जालन्याच्याच पोरीच्या तोंडून ऐकायची माझी इच्छा आहे. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा गाणं शिकवणाऱ्या एका बाईंना हे बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तबला वाजवणारा मिळेल. पाय-पेटी कुणाकडे आहे आपल्या गावात?”

सध्या मी तेच शोधतोय. एक पत्ता परभणीचा लागलाय.